आधी गाठ सोडा!

आमच्या केनवडच्या दवाखान्यात औषधं कायम कमी पडायची, किस्से मात्र उतू जायचे. महायुद्धाचे दिवस होते. मी कंपाउंडर, मलमपट्टीला सकीनाबी आणि वर देशमुख डॉक्टर. त्यांची खाकी पँट, तिच्यावर करकचून आवळलेला कातडी पट्टा. बारा महिने घामोळ्याचं मलम माझ्याकडून मागून घ्यायचे.

डॉक्टरांना एक वेड होतं. पेशंटचं काहीही दुखो, ते म्हणणार, "आधी गाठ सोडा." धोतराची किंवा लुगड्याची. कंबर बघायची म्हणजे बघायचीच!

एकदा एक किराणावाला गाल धरून आला.

"डॉक्टर, दाढ लय ठणकून राह्यली."

"कळलं. धोतराची गाठ सोडा."

त्याने गाल सोडून धोतरच घट्ट धरलं. "काहून जी? दाढेचं मूळ तेथलोक गेलं काय?"

सकीनाबी तोंडाला पदर लावून बाहेर पळाली.

हे वेड लागलं आसेगावच्या एका म्हाताऱ्यामुळे. जन्मभर त्याने एकाच जागी धोतर आवळलेलं. कंबरेभोवती काळं कडं पडलेलं आणि गाठीच्या जागी न भरणारी जखम. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावून दाखवलं.

"बघा. रोज तीच जागा, तोच घाम, तेच घासणं. कातडी वर्षानुवर्षं सोसते, आणि मग तिथेच कॅन्सर धरतो."

रोज सकाळी आपण सहज मारतो ती गाठ, आणि तिच्या पोटी हे! म्हातारा फार उशिरा आला होता. तो गेला, तेव्हा डॉक्टर कितीतरी दिवस धड जेवले नाहीत.

मग असे रोगी सापडतच गेले. पाटील तावातावाने आले. "डॉक्टर, तुमी यायच्या आधी हा रोग गावात नोयता! आता वाढूनच राह्यला. तुमीच आनला काय?"

"पाटील, कंदील लावल्यावर घरात विंचू दिसला, तर तो कंदिलाने आणला का? पूर्वी माणसं पटकीने, प्लेगने तरुणपणीच जायची. आता म्हातारी होतात. घासायला तेवढी वर्षं मिळतात."

पाटलांचा हात आपल्या धोतराच्या गाठीवर गेला. मग हळूच म्हणाले, "मंग माही बी कंबर पाहून घ्या."

तेव्हापासून गावभर गाठी ढिल्या झाल्या. भजनात एक जण टाळ घेऊन जोशात उठला आणि धोतर खाली! ते सावरत तोच ओरडला, "डॉक्टरचा हुकूम हाय!"

ऐकलं नाही ते फक्त सारजाबाईने. ही माळीण दर बाजाराला वांगी-मेथी घेऊन बैलगाडीने यायची. तिचा हात सारखा कंबरेशी जातो, हे डॉक्टरांनी हेरलं. सकीनाबीने पडद्याआड बघितलं. वर्षभराची जखम होती.

"अकोल्याला जा, कापून घे. अजून वेळ आहे, बरी होशील," डॉक्टर म्हणाले.

"अन् माहं वावर कोन पायीन? लुगडं ढिलं नेसून वांगे तोडता येत नाई, डॉक्टर."

असं कित्येक बाजार चाललं. शेवटी एका बाजाराला डॉक्टरांचा धीर सुटला. "अगं, मरशील!"

सारजाबाई शांतपणे म्हणाली, "तुमचा पट्टा सोडा."

"माझा?"

"तुमचा बी हात तेथंच जाते. कवाचं पाह्यलं म्या."

डॉक्टर हसत हसत बाकावर बसले. पट्टा सोडला, शर्ट वर केला. कंबरेभोवती काळं कडं होतं आणि बकलाच्या जागी माझं मलम थापलेलं. मी कापसाने ते पुसलं. खाली ओली जखम होती.

त्यांचं हसू थांबलं. ते खाली मान घालून बघतच राहिले.

सारजाबाईने रिकामी टोपली उचलली.

"उठा. बैल जुपलेलेच हायेत. वाशीमले अकोल्याची गाडी सापडन आपल्याले."