न पाहिलेल्या नकाशाचा शेरा

मी बोलका माणूस नाही. वर्गात बोलतो, कारण तिथे इलाज नसतो. घरी आलो की तोंड मिटतं. बायकोच्या भाजीला मी आजवर 'ठीक' याच्या वर किंवा खाली काही म्हटल्याचं आठवत नाही. मुलांच्या वह्यांवरही माझा शेरा ठरलेला: 'छान'. खाली सही. निबंध आईवर असो की पर्यावरणावर, छान. एकदा एका मुलाने आजारपणाच्या रजेचा अर्ज दिला, त्यावरही हात आपोआप 'छान' लिहून मोकळा झाला होता.

मग सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या मराठी शाळेत रुब्रिक आलं. म्हणजे एक तक्ता. डावीकडे काय तपासायचं ते: आशय, मांडणी, सफाई, स्वतःचा प्रयत्न. वरच्या बाजूला चार पायऱ्या, 'उत्कृष्ट'पासून 'सुधारणा आवश्यक'पर्यंत. प्रत्येक ओळीत एका चौकटीत खूण करायची आणि खाली मुलाला पुढे काय करायचं ते दोन वाक्यांत लिहायचं. प्रशिक्षणाला आलेल्या बाई म्हणाल्या, "नुसतं छान लिहिणारा शिक्षक म्हणजे डोळे मिटून सही करणारा माणूस." सगळ्यांत आधी टाळ्या मीच वाजवल्या. माझ्याबद्दल कुणी बोलत असलं की मी टाळ्या वाजवतो, म्हणजे कुणाचं लक्ष जात नाही.

पहिलं काम सातवीच्या प्रकल्पाचं होतं, 'आपल्या शहराचा नकाशा'. अट एकच, घरच्यांनी हात लावायचा नाही. नकाशे आले. कुणी पुठ्ठ्यावर, कुणी थर्माकोलवर, सगळे वर्तमानपत्रात गुंडाळलेले. मी ते स्टाफरूमच्या कपाटावर रचून ठेवले, सोमवारी बघू म्हणून. सोमवार आले आणि गेले. मग एके दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "मास्तर, तक्ते शनिवारी पालकांच्या सहीसाठी घरी गेले पाहिजेत."

आता सांगूनच टाकतो. मी एकही गठ्ठा उघडून बघितला नाही. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी तयार शेरे टाकले होते, ते समोर ठेवले आणि हजेरीच्या क्रमाने तक्ते भरत गेलो. सगळ्यांना उत्कृष्ट दिलं तर संशय येतो, म्हणून पत्ते वाटावेत तसे वाटले. याला आशयात उत्कृष्ट तर मांडणीत समाधानकारक, पुढच्याला उलट. वाटप इतकं न्याय्य झालं होतं की मुख्याध्यापक म्हणाले, "बघा, याला म्हणतात बारकाईने तपासणं." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

वर्गातली एक मुलगी आमच्या समोरच्याच घरात राहते. तिची आई पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापडाच्या घड्या घालायला जाते, म्हणून शाळा सुटल्यावर पोर आमच्याकडेच असते. शाळेत मला 'सर' म्हणते आणि आमचा उंबरा ओलांडला की 'काका'. बायको घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत हेच चालतं. बाजारातून शेठ साड्या आणून टाकतो, खडे देतो, नक्षी उमटवायला भोकं पाडलेला कागदी छापा देतो आणि झालेला माल घेऊन जातो.

शनिवारी संध्याकाळी मी घरी आलो तर दोघी शेजारी शेजारी बसलेल्या. बायकोच्या हातात मी भरलेला तक्ता. माझ्याकडे न बघता ती मोठ्याने वाचू लागली.

"आशय, उत्कृष्ट. बरं. सफाई, सुधारणा आवश्यक. 'काम घाईत उरकलेले दिसते. हाताला वळण नाही. मनापासून करावे.'" मग वर बघितलं. "हाताला वळण नाही?"

पोर म्हणाली, "काकू, जाऊ द्या ना. सर सगळ्यांनाच रागवतात."

"तू घरी जा ग. आई येईल आता."

पोर गेली. बायको तक्त्याची घडी घालत म्हणाली, "तो नकाशा मी केलाय."

मी म्हणालो, "अटीत होतं की घरच्यांनी..."

"मी कुठे तिच्या घरची? पोर रडत होती. थर्माकोल मोडला तिचा. मग साडीच्या तुकड्यावर करून दिला. तापी निळ्या खड्यांची, किल्ला सोनेरी. बारीकातले बारीक खडे होते, चिमट्याने लावलेत मी. आणि तुम्ही म्हणता हाताला वळण नाही."

इथे मी हसून खरं सांगून टाकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी काय म्हणालो? म्हणालो, "तपासताना आपला-परका बघता येत नाही."

तिने घडी घातलेला तक्ता फळीवर ठेवला. मग आत जाता जाता, अगदी सहज, म्हणाली, "बरं झालं आधीच कळलं. शेठ सॅम्पलचं काम देत होता. नको म्हणून कळवते."

सॅम्पलचं काम म्हणजे नव्या डिझाइनची पहिली साडी. ती बघून बाकीच्या बायका पुढच्या साड्या करतात. ते काम आपल्याकडे यावं म्हणून ती किती काळ वाट बघत होती ते मला माहीत होतं. शेठचा फोन आला तेव्हा तिने तो स्पीकरवर घेतला आणि "विचारून सांगते" म्हणाली, तेही मी ऐकलं होतं. ती मला विचारणार होती. आणि मी न विचारताच, छापील तक्त्यावर, सही करून उत्तर दिलं होतं.

"नको का म्हणतेस?" मी दारातून विचारलं.

"तुम्ही मास्तर ना? उभ्या जन्मात एकदा माझ्या कामाबद्दल तोंड उघडलंत. खोटं कशाला बोलाल?"

रविवारी सकाळी शाळेत सफाईवाले येतात, म्हणून फाटक उघडं असतं. मी गेलो आणि कपाटावरून त्या पोरीचा गठ्ठा काढला. वरून साडीची लेस बांधलेली. गाठ सोडवायला मला वेळ लागला, बायकोने मन लावून मारली होती.

नकाशा सुंदर होता. एकही खडा वाकडा नाही, कुठे गोंदाचा डाग नाही. तापी तर चालली आहे असं वाटत होतं. फक्त ती पूर्वेला चालली होती. समुद्रही पूर्वेला होता. डुमस पूर्वेला, डिंडोली पश्चिमेला. अख्खं सुरत आरशात बघावं तसं फिरलं होतं. वर पोरीने दिशादर्शक बाण मात्र बिनचूक काढला होता, त्यामुळे नकाशा वाचवायला काही सबबच उरली नव्हती.

मी बाकावर बसून बराच वेळ हसलो. मग हसू थांबलं. ज्या आशयात नकाशा चुकला होता त्याला मी उत्कृष्ट दिलं होतं, आणि जे उत्कृष्ट होतं त्यालाच सुधारणा आवश्यक. इतकं नेमकं चुकायला खरं तर बघून तपासावं लागलं असतं.

घरी येऊन नकाशा बायकोसमोर ठेवला. "मी बघितलाच नव्हता," मी म्हणालो. "आज पहिल्यांदा बघितला."

ती रागावली की तिची धुळ्याकडची अहिराणी बाहेर येते. "देखंच नही? मंग ते लिखं कसं?"

मी सांगितलं. व्हॉट्सॲपचे शेरे, हजेरीचा क्रम, पत्त्यांसारखं वाटप. सांगताना माझी नजर फरशीवर.

"बठ्ठा पोरेस्नं असंच?" सगळ्या पोरांचं असंच केलं का, असं विचारत होती.

"सगळ्यांचं."

मला वाटलं होतं ती स्वतःच्या कामाबद्दल बोलेल. ती म्हणाली, "त्या खालच्या मजल्यावरच्या पोराला त्याच्या बापाने काल कान धरून उभं केलं होतं. 'स्वतःचा प्रयत्न, सुधारणा आवश्यक' म्हणून. ते पोर एकट्याने चार दिवस पुठ्ठा कापत होतं, मी बघितलंय. मास्तर म्हणे!"

 

मग तिने नकाशा आपल्याकडे ओढला. "आता बघितलाय ना? मग सांगा. एकेक ओळ."

"सफाई उत्कृष्ट. त्याच्या वर चौकट असती तर तिथे खूण केली असती."

"आणि?"

माझ्या तोंडात 'ठीक' आलं होतं. ते गिळलं. "आशय, सुधारणा आवश्यक. समुद्र चुकीच्या बाजूला आहे. गाव उलटं झालंय."

तिने नकाशाकडे बघितलं, बाणाकडे बघितलं, मग खिडकीतून बाहेर, जणू समुद्र तिथून दिसतो. "अगं बाई! पुस्तकातल्या नकाशाचा छापा काढला, तोच उलटा ठेवला मी. साडीत काय, कोयरी इकडे वळली काय, तिकडे वळली काय, दोन्ही बाजूंना लागतेच." आणि हसायला लागली. हसता हसताच तिने फोन उचलला. "शेठ, सॅम्पलचं पाठवा. हा, हा, विचारलं मास्तरांना. नहीं शेठ, वो तो मेरे काम की तारीफ करके थकते नहीं."

फोन ठेवून म्हणाली, "एवढं खोटं चालतं. तुमचं चालत नाही."

सोमवारी मी वर्गात सगळे गठ्ठे टेबलावर ठेवले आणि म्हणालो, तक्ते परत द्या, मी तुमचे नकाशे न बघता भरले होते.  मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मला सगळीकडे उत्कृष्ट आहे. माझं राहू द्या ना!"

त्याचा गठ्ठा आधी सोडला. आत कोरा पुठ्ठा होता, कडेला पेन्सिलने एक रेघ.

"ही तापी आहे, सर," तो म्हणाला.

समोरच्या घरातल्या मुलीचा नंबर आला तेव्हा मी 'स्वतःचा प्रयत्न' या ओळीवर अडखळलो. ती स्वतःच उभी राहिली. "सर, बाण आणि नावं माझी आहेत. बाकीचं..." आणि थांबली. तिला 'काकू' म्हणायचं होतं, पण आम्ही शाळेत होतो.

"बाकीचं मला माहीत आहे," मी म्हणालो आणि शेवटच्या चौकटीत खूण केली. खाली शेरा लिहिला, 'बाण बिनचूक. बाणावर विश्वास ठेवून पुन्हा नकाशा बघायला हवा होता.' वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला. बाकीचे नकाशे त्या दिवशी संपले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मुख्याध्यापक दोनदा दारात येऊन गेले आणि म्हणाले, "मास्तर, आधी किती पटापट करत होतात!"