नकाशातला गुडघे टेकलेला माणूस

आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही: कोकण किनाऱ्याच्या त्या जुन्या नकाशातला गुडघे टेकलेला माणूस मी रंगवला होता. ताईंनी नाही.

मरोळला शेठच्या गाळ्यात कामाला असलेल्या ताई आणि मी, आम्ही दोघं जुने नकाशे हातानं रंगवायचो. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले, मुळात काळेपांढरे. पण गिऱ्हाईक रंगीतच मागतं. समुद्र आणि सीमारेषा माझ्या, कोपऱ्यातली नक्षी नि माणसं ताईंची. "तुझा समुद्र म्हणजे डबक्यातलं पाणी रे," त्या चिडवायच्या.

नकाशाच्या नावाभोवती ठरलेला देखावा असायचा: खुर्चीत गोरा साहेब, आणि उघड्या अंगाचा आपला माणूस त्याच्यापुढे गुडघे टेकून, मिऱ्यांची टोपली धरून. रंगवायची रीतही ठरलेली. साहेबाच्या कोटाला महागातला लाल. आपल्या माणसाला तपकिरीचा एकच हात, चेहऱ्यासकट.

एक दिवस ताई चित्र अर्धं सोडून लवकर घरी गेल्या. मी त्यांचा ब्रश उचलला. लाल त्या माणसाच्या कमरेच्या फडक्याला दिला. गालाला, खांद्याला सावल्या दिल्या, गावच्या काकांच्या रापलेल्या अंगासारख्या. साहेब कोरा ठेवला. सकाळी ताई यायच्या आत नकाशा फ्रेमला गेला.

मुलुंडच्या गिऱ्हाइकानं तो परत पाठवला.

"ताई, साहेबाचं रक्त कुणी प्यायलं? पांढराफटक पडलाय!" शेठ ओरडले. "ओरिजनल असं नसतं म्हणे."

"मी नाही केलं, शेठ."

"मग काय नकाशानं स्वतःच मेकअप केला?"

मी मान खाली घालून समुद्र रंगवत राहिलो. माणसं रंगवायचं काम ताईंकडून गेलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी गाळाही सोडला. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "खांद्याची सावली मस्त जमलीय रे."

ओरिजनल कसलं? मूळ कागदावर रंगच नव्हता. लाल कोट ही आमच्यासारख्याच कुणाच्या तरी हाताची सवय, ते तपकिरी तोंडही. मग माझाच हात तेवढा खोटा? त्या रंगाची माफी मी मागणार नाही. आता माणसंही मीच रंगवतो. शेठ कितीही डोळे वटारोत, आपल्या माणसाच्या चेहऱ्याला एकच हात देऊन मी मोकळा होत नाही.

गप्प बसलो, त्याची माफी मात्र मागायला हवी. ताई बोरिवलीत असतात. शेठसमोर उभं राहून 'ते काम माझं होतं' म्हणणं आणि मग ताईंच्या दारात जाऊन तेच सांगणं, एवढं माझ्याकडून अजून बाकी आहे.