चुंबकातून आलेली ओ

परभणीच्या फलाटावरून माझी हैदराबादची, काचीगुड्याची गाडी सुटली, तेव्हा दादा खिडकीचा गज धरून पळत होते. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माझा बाप. त्यांनी परभणीत हाक मारली की पूर्णेतली बस ब्रेक मारायची. "पोरी, हाक आली की ओ द्यायची! केवढीही मोठी झालीस तरी!" ते ओरडले, आणि माझ्याआधी अख्ख्या डब्याने ओ दिली.

त्याला बारा वर्षं झाली. मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, आता मी बेगम बाजारात मिरच्यांचा भाव मराठीत सुरू करून इथल्या दखनी 'हौ-नक्को'वर संपवते. संशोधनाच्या कामाला आहे एका एमआरआय यंत्राच्या चुंबकाजवळ. ठरवलं तर तो काचीगुड्याची गाडी वेळेवर ओढून आणेल! सुई नाही, तार नाही. छातीबाहेरूनच हृदयाच्या स्नायूचा सिग्नल पकडायचा. प्राणवायू कमी पडला की पडद्यावर एक बारीक शिखर उठतं. माझ्याच पोटरीला पट्टा आवळून, रक्त अडवून मी ते आधी पाहून ठेवलं होतं. हृदय मात्र हलतं, म्हणून श्वास रोखून गप्प पडून राहायचं.

गेल्या वर्षी दादांना झटका आला. एक रक्तवाहिनी अरुंद झालेली. तिच्यापुढचा स्नायू गुदमरतोय का, हेच कळेना. डॉक्टरांना विचारून दादा माझ्या संशोधनात नाव घालून यंत्रात शिरले.

मी माइकवर म्हटलं, "दादा, श्वास सोडा. रोखा."

"ओ!" आतून गर्जना. सिग्नलचा पार चिवडा.

"दादा, बोलायचं नाही हो!"

"ओ! नाही बोलत!"

असं सतरा वेळा. आमचे टेक्निशियन करीमभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "मॅडम, अब्बा कू पुकारो नक्को. पुकारे तो बोलतेच उनो."

मग आयुष्यात पहिल्यांदा मी बापाशी परक्या पेशंटशी बोलावं तशी, 'दादा' न म्हणता बोलले. "श्वास सोडा. रोखा." आत चिडीचूप. इतकं, की धडकी मलाच भरली. पुन्हा. पुन्हा.

पडदा सपाट! शिखराचा पत्ता नाही. डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्यांशी ताडून पाहिलं: स्नायूला प्राणवायू पुरतोय, ऑपरेशन नको, गोळ्यांवर भागेल. मी अशी नाचले की चारमिनारचा एक मिनार तेव्हापासून कलला आहे, येऊन बघा.

घर आता परभणी की हैदराबाद, असं तुम्ही फोनवर विचारता. त्या दिवशी मी दार ढकलून आत धावले आणि पोटातून हाक मारली, "दादाऽऽ!"

"ओऽऽ!"

तिथं. तिथंच आहे माझं घर.