रेशनची साखर

माझ्या आईचा पाय साखरेने गेला. ती साखर तिला सरकारने दिली होती, वर्षानुवर्षे, काट्यावर मापून. माझं भांडण त्या सरकारशी आहे आणि ते मी मिटवलेलं नाही. लोक म्हणतात, किती दिवस मनात धरून बसायचं? मी भाजीच्या धंद्यात मोठी झाले. मार्केट यार्डात कुणी पोत्याच्या तळाशी सडका कांदा भरून दिला, तर त्या माणसाला मी पुढच्या मोसमातही ऐकवते. हा तर आईचा पाय होता.

आई सोलापूरकडची. लग्न होऊन सासरी आली आणि दुष्काळ पडला. दुष्काळी कामावर तिने खडी फोडली आणि बोटीतून आलेली लाल ज्वारी खाल्ली. त्या ज्वारीला सगळे मिलो म्हणत. त्या भाकरीला घाण वास यायचा, असं ती सांगायची, आणि सांगताना नाक मुरडायची. पुढे वडिलांना पुण्यात कारखान्यात काम लागलं आणि आम्ही कर्वेनगरला एका खोलीत आलो. रेशनकार्ड मिळालं. पहिल्यांदा रेशनचा गहू आणि साखर घरी आली त्या दिवशी आईने म्हणे शेजारच्या चार घरी शिरा वाटला. भाकरी म्हणजे खडी फोडायचे दिवस, आणि चपाती, साखर म्हणजे पुणं, असा तिचा हिशेब होता. तो तिने शेवटपर्यंत बदलला नाही.

मी मोठी होत होते तेव्हा वडिलांचा कारखाना बंद पडला. त्या काळात असे बरेच बंद पडले. आई टोपली घेऊन दारोदार भाजी विकू लागली आणि शाळा सुटली की मी तिच्याबरोबर. तिला भाव करता यायचा नाही. गिऱ्हाईक म्हणेल त्याला ती मान हलवायची. मग भाव मी करू लागले, आणि रेशनच्या दुकानात भांडायलाही मीच जाऊ लागले.

दुकानावर खडूने लिहिलेली पाटी असायची: 'साखर संपली आहे. कधी येईल ते विचारू नये.'

मी विचारायचेच.

"काका, साखर कधी?"

"पाटी वाचता येते का?"

"येते. म्हणूनच विचारते. काल गोणी उतरताना बघितली."

"ती माझ्या मुलीच्या लग्नाची होती."

"तुम्हाला मुलगी आहे? गेल्या महिन्यात मुलाचं लग्न होतं."

रांगेतल्या बायका हसायच्या आणि साखर निघायची. काट्याखाली त्याने चिंचेचा गोळा चिकटवलाय का, ते मी वाकून बघायचे. दिवाळीला जादा साखर यायची, ती मी एकदाही सोडली नाही. घरी आले की आई पिशवी हातात घेऊन तोलायची आणि म्हणायची, "माझी वाघीण आली."

रेशनवर काय मिळायचं? गहू, तांदूळ, साखर, पामतेल. ज्वारी जवळजवळ कधीच नाही. आम्ही तेच खाल्लं. दुपारी भाजी विकून दमून आलेली आई चपातीला पामतेल लावायची, वर साखर पसरायची, गुंडाळी करून चहात बुडवून खायची. विकायची भाजी घरात खायची म्हणजे उधळपट्टी. भाजीवालीच्या घरी भाजी नसायची, हे कुणाला खरं वाटणार नाही.

मी पंचविशीच्या आतबाहेर असताना आईला सारखी तहान लागायला लागली. वजन उतरलं. सरकारी दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला साखर आहे."

"हाय की," आई म्हणाली. "अर्धा डबा हाय अजून. दिवाळीची जादा मिळालीय."

डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसले. आईला कळेना, तीही आमच्याबरोबर हसली. मग बाईंनी समजावून सांगितलं. आईच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. ती म्हणाली, "पण ती तर सरकार देतंय."

बाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, ज्वारीची भाकरी खा. गोळ्यांच्या खिडकीवर कळलं, गोळ्या संपल्यात, बाहेरून घ्या. मी तिथून तशीच रेशनच्या दुकानात गेले.

"ज्वारी द्या."

"येत नाही."

"का येत नाही?"

"मला काय विचारता? मी पेरतो का?"

त्या दिवशी मी त्याच्या काउंटरवरची रॉकेलची मापं खाली ढकलली होती. त्याने पोलिसांची धमकी दिली. मी म्हटलं, बोलवा, त्यांनाही विचारते ज्वारी का नाही ते.

ज्वारी मी बाजारातून आणली. आईने परातीला हात लावला नाही. "परत भाकरी? काय गुन्हा केला मी?" तिची भीती साखरेची नव्हती, भाकरीची होती. मी भाकरी करायचे, ती माझ्यासमोर अर्धी खायची, आणि मी धंद्यावर गेले की चपाती लाटायची.

मग कार्डांचे रंग आले. पिवळं गरिबांना, केशरी मधल्यांना, पांढरं श्रीमंतांना. माझा धंदा तोवर उभा राहिला होता. टोपलीची गाडी झाली, गाडीचा टेंपो, आणि नव्या आयटी कंपन्यांच्या कँटीनना मी भाजी पुरवू लागले होते. आमचं कार्ड केशरी झालं आणि पुढे रेशनची साखर बंद झाली. आई रडली. "सरकारनं आपल्याला तोडलं," म्हणाली. साखर बंद झाली ती आम्ही गरीब उरलो नाही म्हणून. ती आजारी आहे म्हणून बंद केली असती, तर मी त्या सरकारचे पाय धरले असते. पण इतकी वर्षं तुम्हाला जे दिलं ते तुमच्यासाठी चांगलं नव्हतं, हे सांगायला कुणी आलं नाही.

एका कँटीनमध्ये ज्वारीच्या भाकरीचा वेगळा काउंटर सुरू झाला. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं रांग लावून भाकरी घेत होती आणि चहात साखरेऐवजी पुडीतली गोळी टाकत होती. मी घरी येऊन आईला सांगितलं.

"त्या पोरांना कुणी शिक्षा केलीय का?" तिने विचारलं.

कर्वेनगरचे माझे एक जुने गिऱ्हाईक, निवृत्त अधिकारी, मला एकदा म्हणाले, "अहो बाई, साखर खाल्ली म्हणून मधुमेह होतो असं थेट नसतं. अनुवंश असतो, बैठी जीवनशैली असते." मी त्यांच्या पिशवीत पालक कोंबत म्हटलं, "आई डोक्यावर टोपली घेऊन वारज्यापर्यंत चालायची. तिला बसायला शिकवायचं राहिलं माझं." शास्त्र त्यांच्या बाजूने असेलही. माझ्याकडे तिच्या ताटाची आठवण आहे.

धायरीला मी घर बांधायला काढलं. आईला रोज जाऊन बघायचं असायचं, आणि अनवाणी. माती पायाला लागली पाहिजे, म्हणायची. एका संध्याकाळी ती परत आली आणि फरशीवर तिच्या मागे रक्ताचे ठिपके उमटत आले. मी पाय उचलून बघितला. टाचेजवळ फळीचा खिळा घुसलेला होता. ती दिवसभर त्यावर चालली होती.

"आई, दुखलं नाही?"

"कुठं काय?" तिने खरंच आश्चर्याने विचारलं.

जखम भरली नाही. आधी टाच काळी पडली, मग पाऊल. हॉस्पिटलातले सर्जन माझ्याच वयाचे होते, शांत. आईच्या खाटेपासून चार पावलांवर उभे राहून त्यांनी सांगितलं, पाय काढावा लागेल, गुडघ्याच्या वरून.

मी आयुष्यात सांगितलेल्या भावाला कुठलीच गोष्ट घेतलेली नाही. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पावलापर्यंत करा."

"ताई, तसं नसतं."

"घोट्यापर्यंत. घोट्याच्या वर रंग चांगला आहे, तुम्हीच बघा."

"रक्तपुरवठा नाही तिथे."

"बरं, नडगीच्या मध्यावर. गुडघा सोडा डॉक्टर. गुडघा असला तर नकली पाय बसतो, माणूस चालतं. मी चौकशी केलीय."

"खाली घेतलं तर परत काढावं लागेल. तेव्हा तुमच्या आई टिकतील याची खात्री नाही."

"मी दुसऱ्या हॉस्पिटलात नेईन."

ही माझी नेहमीची चाल. उठायचं, दोन पावलं जायचं, मागून हाक येते. मी खरंच दोन पावलं गेले. हाक आली नाही. मागे वळून बघितलं तर ते तिथेच उभे होते, हात बांधून, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. समोरच्याला राग नसेल तर माझं काही चालत नाही. मी भांडले, ओरडले, नर्सने मला बाहेर काढलं. मग आत येऊन जिथे सांगितलं तिथे सही केली.

आई खाटेवरून सगळं ऐकत होती. तिला आत नेताना ती वॉर्डबॉयला म्हणाली, "माझी पोरगी लई घासाघीस करती. काळजी न्हाई."

शुद्धीवर आल्यावर तिने आधी पाणी मागितलं. मग माझा हात धरला.

"कुठवर आणलंस?"

पांघरूण छातीपर्यंत होतं आणि तिला उठायची मनाई होती. मी म्हटलं, "गुडघा राखला."

"बघ," ती म्हणाली. "मला वाटलंच. मगापासनं खाजतोय तो."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिला सांगणार होतेच. तिला धायरीच्या घरात राहायला मिळालं नाही, हेही पुढे व्हायचं होतं. तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, जरा खाजव. मी पांघरुणावर हात ठेवला, जिथे गुडघा असायला हवा होता तिथे, सपाट गादीवर, आणि नखांनी खाजवू लागले.

"हां," आई डोळे मिटून म्हणाली. "अजून थोडं खाली."