चार उन्हांची माती

तपासून उरलेली माती मागच्या खड्ड्यात टाकायला निघाले की थावरूभाऊ आधी पायातल्या चपला काढून ठेवायचे. यवतमाळातल्या एका लहानशा माती तपासणी प्रयोगशाळेत मी रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि ‘माणूस जरा नाटकी दिसतो’ अशी मनात नोंद करून टाकली. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या. मातीशी संबंध तुळशीच्या कुंडीपुरता. दुपारी न राहवून विचारलंच, तर म्हणाले, “म्याडम, कोणाच्या तरी वावरातली हाये. चपलीनं कायले तुडवू?” आणि पुन्हा कामाला लागले.

थावरूभाऊ आमचे परिचर. महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचे बंजारा. घरी गोरबोली, ऑफिसात वऱ्हाडी आणि साहेब नवा असला तर हिंदी, अशा तीन भाषा बोलत; पण तिन्हींत मिळून बोलणं थोडकंच. शेतकऱ्यांनी आणलेले नमुने सावलीत वाळवायचे, लाकडी मोगरीनं कुटायचे, चाळायचे, हे त्यांचं काम. हातात चाळणी असली की साहेबांची हाक त्यांना ऐकू जायची नाही. निदान तसं ते दाखवायचे. त्यांचा आवडता शब्द ‘कच्चं’. नीट न वाळलेला नमुना कच्चा, घाईत लिहिलेला अहवाल कच्चा, आणि पहिली दोन वर्षं मीसुद्धा कच्ची. “हुशार हायेत म्याडम,” असं ते कोणाला तरी सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं, “पण अजून कच्च्या हायेत.” मला राग आला होता.

बदली होऊन गेलेल्या एका साहेबांची काचेची मोठी टाकी व्हरांड्यात पडून होती. थावरूभाऊंनी तिच्यात मासे सोडले आणि नुसते मासे ओकेबोके दिसतात म्हणून पाणवनस्पती लावायचं मनावर घेतलं. त्यासाठी तळाला माती हवी. तयार मिळते म्हणे, पण नागपूरला. आणि मातीच्या ऑफिसात विकतची माती आणायची त्यांना लाज वाटत होती. पहिल्यांदा त्यांनी बाभुळगावकडची काळीभोर, कसदार माती घातली. पंधरा दिवस टाकीत शाई भरल्यासारखं दिसत होतं. “काळी माती मानी असते, म्याडम,” ते म्हणाले. “एका जागी बसून राह्यत नाही.”

मग त्यांनी स्वतःची रीत बसवली. माती घमेल्यात भिजवायची, वर आलेला काडीकचरा काढून टाकायचा, गच्चीवर पसरून खडखडीत वाळवायची, कुटायची, चाळायची आणि पुन्हा भिजवायची. असं चार वेळा. याला ते चार उन्हं देणं म्हणत. नंतर त्यात थोडी चिकण लाल माती, चिमूटभर चुना, आणि टाकीत घातल्यावर वरून धुतलेल्या नदीच्या वाळूचा दोन बोटं थर. मी मोठ्या जाणकारीनं विचारलं, “थोडं शेणखत घालायचं का?” ते हसले. “मातीतलं कच्चं पाण्यात सडते. ते काढाले तं चार उन्हं देऊन राह्यलो, आन् तुमी पुन्हा टाकाले सांगता.” त्यानंतर टाकीतलं पाणी असं निवळ राहिलं की समोरची भिंत आरपार दिसे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. नमुन्यांच्या पिशव्या टेबलाखाली मावत नसत. अहवाल हातात पडला की माणूस एकच विचारायचा, “कोणतं खत टाकू?” पुष्कळदा जमीन काही मागत नसायची. पण ‘काही टाकू नका’ असा कागद घेऊन घरी जायची त्याची तयारी नसायची, आणि त्याचं तोंड पाहून मीही काहीतरी लिहून द्यायचे. अशी माणसं जाण्याआधी टाकीसमोरच्या बाकावर टेकत. थावरूभाऊ त्यांना पाण्याचा पेला आणून देत आणि शेजारी बसत.

एका दिवाळीनंतर ते तांड्यावरून पोतंभर वाळकी माती घेऊन आले. तांड्याजवळचं तळं तीन वर्षं कोरडं होतं आणि ट्रॅक्टर लावून त्यातला गाळ वावरांत नेणं सुरू झालं होतं. त्या तळ्यात पूर्वी पोयणी असायची. कमळासारखीच, पण लहान आणि पांढरी. थावरूभाऊंची बायको तिचे दांडे तोडून भाजी करायची. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. ट्रॅक्टर शेवटच्या कोपऱ्यात पोचायच्या आत यांनी हे एक पोतं भरून घेतलं. चाळताना त्यात खारकेएवढे दोन सुकलेले कंद निघाले. ते तळहातावर धरून थावरूभाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“तळं गेलं, ती बी गेली,” ते म्हणाले. “हे जगलं तं पाहू. फूल नाई आलं तरी चालते. पान पाण्यातून वर येतानी दिसलं पायजे, बस.”

त्या मातीलाही चार उन्हं मिळाली आणि जानेवारीत कंद टाकीत गेले. तीन आठवडे काही नाही. मग एके सकाळी वाळूतून तांबूस टोक वर आलं आणि चार दिवसांत त्याचं नखाएवढं पान झालं. सगळ्या ऑफिसला थावरूभाऊंनी चहा पाजला. स्वतःचा कप मात्र टाकीपाशीच निवून गेला.

होळीला तांड्यावर न जाणं त्यांना शक्य नव्हतं. आठ दिवसांची रजा टाकून निघताना बजावून गेले, “म्याडम, पाणी बदलू नोका. काई टाकू नोका.” तिसऱ्या दिवशी पान कडेनं पिवळं पडायला लागलं. मी घाबरले. पिवळं पान म्हणजे नत्र कमी, हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलेलं. कपाटातून युरिया काढला आणि एक चमचा पाण्यात सोडला. परत आल्यावर हिरवं पान पाहून ते खूश होतील, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर होतं. दिवस उन्हाचे. दोन दिवसांत पाण्याला डोळ्यांत झोंबणारा वास सुटला, मासे उलटे तरंगू लागले आणि पान बोट लावताच विरघळलं. वाळूत हात घालून पाहिलं, तर दोन्ही कंद सडलेल्या केळ्यासारखे मऊ लागले.

ते आले तेव्हा मी पाणी बदललं होतं, खिडक्याही उघडून ठेवल्या होत्या. “ऊन फार झालं हो,” मी म्हणाले. त्यांनी वाळूत बोटं घातली, नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. “असन, ऊनच असन,” ते म्हणाले. मग सगळी माती काढून त्यांनी ती पुन्हा गच्चीवर वाळत घातली. एखादं बी राहिलं असेल या आशेनं पुढची दोन वर्षं ते ती माती टाकीत भिजवत राहिले. मी रोज सकाळी आल्या आल्या टाकीपाशी जाऊन पाहायचे. काही उगवलं नाही. मग ते निवृत्त झाले. त्यांच्या निरोप समारंभात मी पाच मिनिटं बोलले, पण सांगायचं होतं ते सांगितलं नाही.

त्यानंतर दौऱ्यावर कुठेही गेले की मी तळी पाहत हिंडायचे. अखेर ढाणकीच्या पुढे एका तळ्यात पांढरी पोयणी दिसली. एका बाईला सांगून चार कंद चिखलासकट बादलीत भरून घेतले आणि तडक त्यांचा तांडा गाठला. थावरूभाऊ वाळले होते, पण ताठ होते. मी बादली पुढे ठेवली आणि चहा यायच्या आत सांगून टाकलं, “युरिया मी टाकला होता.”

“मालूम हाये.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

“तुमी रोज सकाळी टाकीपाशी येऊन उभ्या राह्यत होत्या. अजून काय बोलाचं?” बादलीतला एक कंद उचलून पाहत म्हणाले, “पयलं पान पिवळं होतेच, म्याडम. खालचा कांदा दुसऱ्या पानाची तयारी करून राह्यला असते. तुमी भल्यासाठीच टाकलं. आपल्या इकडं सारेच भल्यासाठी टाकून राह्यले.”

मला रडू आवरलं नाही. ते उठले. त्यांनी ती तळ्याची माती ऑफिसातून घरी आणून जपून ठेवली होती. ती बैलांना पाणी पाजायच्या जुन्या सिमेंटच्या टाक्यात पसरली, कंद लावले आणि वर वाळू घातली. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, “आता हीच तुमच्या तळ्यातली समजा.”

त्यांचा हात थांबला. “तसं नोका म्हणू. घरात नवी सून आली तं तिले मेल्या सासूचं नाव ठेवते का कोणी? तिले तिच्या गावानं हाक मारतात. हे ढाणकीवाली. हिले तिच्या नावानं नांदू द्या.”

पुढच्या वर्षी त्यांच्या सुनेचा फोन आला. ढाणकीवालीला चार फुलं आली होती. “पण बाबा फुलाकडं नाई पाह्यत,” ती म्हणाली. “पाणी घालतात, पिवळी पानं काढतात, अन् मंग रिकाम्या तळ्याकडं तोंड करून बसतात.” त्याच उन्हाळ्यात थावरूभाऊ गेले.

त्यांच्या जागी आलेला परिचर चांगला माणूस आहे. चाळणी झकास चालवतो, बोलतोही गोड. मी त्याला त्याच्याच नावानं हाक मारते. तो “आलो, म्याडम” म्हणतो, येऊन समोर उभा राहतो, आणि मी अजून व्हरांड्याकडेच पाहत असते.