मुका खांब

कारखान्यात त्याला सगळे मायक्रो म्हणत. केसाएवढा फरकही त्याला नुसत्या नजरेने कळायचा. बावीस वर्षं लेथवर काढली आणि एका दुपारी, जेवणाची सुट्टी तोंडावर असताना, त्याच लेथने त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं नेली. तर्जनी वाचली, पण ताठ राहिली. ब्रेक लागला नाही, असं त्याने सगळ्यांना सांगितलं आणि त्यानंतर जवळजवळ बोलायचंच सोडलं.

घरात तो आणि बायको, दोघंच. ती पाळणाघरात कामाला. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची रडगाणी ऐकून घरी यावं, तर इथे नवरा भिंतीकडे तोंड करून बसलेला. काही विचारलं तर मान हलवायचा, तीही अशी की हो की नाही ते कळू नये. सात महिने तिने रेटले. जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी तिने बॅग भरली.

"एकटीनेच राहायचं तर बहिणीकडे राहते," ती म्हणाली. "तिथे निदान भांडायला तरी माणसं आहेत."

जाऊ नकोस, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. तो भिंतीकडे वळला. दार लागलं.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्याला बजावलं, की बोटांना बारीक काम दिलं नाहीत तर ती कायमची लाकडासारखी होतील. घरी येऊन त्याने बायकोची क्रोशाची पिशवी उघडली. चौदा तारखेला नऊ दिवस होते. मागच्या वर्षी ती बोलता बोलता म्हणाली होती, की व्हॅलेंटाइन डेला पाळणाघरातल्या प्रत्येकीला काही ना काही मिळतं, मी आपली बघत बसते. दुकानदारांचं खूळ, म्हणून त्याने ते उडवून लावलं होतं. आता त्याने तळहाताएवढा लाल बदाम, पत्त्यांत असतो तसा, विणायचं ठरवलं. बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे तर ती काडीही हातात ठरत नव्हती. सुई सारखी निसटायची. शेवटी त्याने ती चिकटपट्टीने बोटाला बांधली. दोन दिवसांत साधी साखळीही जमली नाही.

तिसऱ्या दिवशी, त्याच बहिणीकडे राहणाऱ्या सासूबाई लेकीचे उरलेले कपडे न्यायला आल्या. त्याने विणकाम उशीखाली कोंबलं, पण लोकरीचा गुंडा घरंगळत थेट त्यांच्या पायाशी गेला. त्यांनी तो उचलला, उशी बाजूला केली आणि खाली बसल्या.

"सुई आहे ती, पाना नव्हे," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून लेक कामावर गेली, की त्या काहीतरी निमित्त काढून यायला लागल्या. साखळी शिकवली, खांब नावाचा उभा टाका शिकवला. मग एक बुटका टाका घातला. "याला मुका खांब म्हणतात," त्या म्हणाल्या आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिल्या. "या घरात एक होताच आधीपासून."

तो हसला. सात महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता कधी रडायला लागला ते त्यालाही कळलं नाही. सासूबाई मान खाली घालून टाके मोजत बसल्या, मोजण्यासारखे जेमतेम आठ असताना.

पण बदाम काही होईना. एक बाजू फुगायची, दुसरी आक्रसायची. तो मोजपट्टी लावायचा, तीन मिलिमीटरचा फरक निघायचा, की सगळं उसवायचा. तेरा तारखेला त्याने चौथ्यांदा उसवलं.

"ती काय मोजपट्टी घेऊन बसणार आहे, जावईबापू?" सासूबाई कंटाळून म्हणाल्या. "वेडंवाकडं असू दे, पण घेऊन जा."

चौदा तारखेच्या दुपारपर्यंत अर्धाच बदाम झाला होता. विणीचं तोंड बंद करायला जमेना, म्हणून सुई तशीच अडकवून, गुंडा खिशात घालून तो पाळणाघराच्या फाटकाशी उभा राहिला. पालक मुलांना घेऊन निघाले होते. सगळ्यांच्या मागून ती आली. आधी तिने त्याच्या हाताकडे बघितलं, दुखतोय का विचारलं. त्याने हात पुढे केला. तिने तो लाल तुकडा उलटसुलट करून बघितला.

"मी काय लोकरीसाठी घर सोडलं होतं?" ती हळूच म्हणाली.

तो फाटकाचा गज धरून उभा राहिला. आता बोललो नाही तर ही पुन्हा दिसायची नाही, हे त्याला कळत होतं.

"ब्रेक ठीक होता," तो म्हणाला. "लेथवर फिरत्या लोखंडाला पॉलिश पेपर हाताने धरला मी. सुट्टीच्या आत काम उरकायचं होतं. याच गोष्टीसाठी नव्या कामगारांना शिव्या घालायचो."

ती पायरीवर बसली. सात महिने तिने त्या कारखान्याला तळतळाट दिले होते, शेजारीपाजारी सांगत फिरली होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"मायक्रो म्हणायचे सगळे. तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

"कारखान्यात असाल मायक्रो. मला त्याचं काय करायचं होतं?" तिचा आवाज चढला होता. जाणारे लोक वळून बघत होते.

तिची बस आली. तिने त्याच्या खिशातून गुंडा काढला, तुकड्याभोवती गुंडाळला, पर्समध्ये टाकला आणि ती चढली. मागे वळून काही बघितलं नाही.

आठ दिवस फोन नाही, निरोप नाही. सासूबाईंचंही येणं थांबलं. तो दाराकडे तोंड करून बसू लागला, एवढाच काय तो फरक. नवव्या दिवशी संध्याकाळी ती आली. बॅग अर्धीच भरलेली होती. बाकीचे कपडे सध्या बहिणीकडेच राहतील, तिने उंबऱ्यातूनच सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. मग घाईघाईने पुढे झाला. "नाही, बरं नाही वाटत मला ते. पण आत ये."