आमदार काय म्हणाले, ते मी आप्पांना सांगितलं नाही

मंडळी, आज मी घरात खोटं बोललो.

आमच्या आप्पांना कन्नड कळत न्हाय. बेळगावच्या बातम्या लागल्या की मीच त्यांना मराठीत सांगतो.

दुपारी टीव्हीवर एक आमदार कर्नाटकच्या विधानसभेत तावातावानं कन्नडमधून बोलत होते. दोन पुरुषांनाही लग्नाचा हक्क देणारा कायदा करा, माझा पाठिंबा आहे, म्हणाले.

"काय म्हणतोय रं?" आप्पांनी विचारलं.

निपाणीच्या ज्या माणसावर माझं चार वर्षं प्रेम आहे, तो आमच्या घरी फक्त 'मित्र' म्हणून येतो.

"खानापूरच्या रस्त्याचं बोलतोय," मी म्हणालो.

आप्पा खूश. "लई चांगला माणूस. आपल्यासाठी भांडतोय बघ!"

भांडत होता, आप्पा. मीच त्याला गप्प केलं.

तुम्ही खरं सांगितलं असतं?